माणूस धरणारा कामाचो

पॅरिस, पार्क दे प्रँस, 27 मे 1981. फुटबॉलच्या युरोपियन कपची, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची, अंतिम लढत, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. दोन्ही संघ एकमेकांना इतकं जपून खेळत होते की पूर्वार्धात सांगण्यासारखं फारसं घडलंच नाही. उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. लिव्हरपूलच्या बचावफळीने ऑफसाइडसाठी एकदम पुढे पाऊल टाकलं, आणि तिला चुकवून पांढऱ्या शर्टातला एक जण एकटाच निसटला. समोर फक्त गोलरक्षक रे क्लेमन्स. तो पुढे धावत आला, आणि या गड्याने चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून उचलला. क्लेमन्स हरला होता, पण चेंडू जरा जास्तच उचलला गेला आणि आडव्या दांड्यावरून पलीकडे गेला. शेवटच्या दहा मिनिटांत ॲलन केनेडीने डावीकडून घुसून गोल केला आणि 1-0 असा कप लिव्हरपूलला गेला. माद्रिदला त्यानंतर युरोपियन कप जिंकायला 1998 उजाडलं.

त्या रात्री माद्रिदकडे सान्तियाना होता, हुआनितो होता, लॉरी कनिंगहॅम होता. गोल करणं हाच यांचा धंदा. पण सामन्यातली सगळ्यात सोपी संधी मिळाली होसे आन्तोनियो कामाचोला. हाडाचा बचावपटू, आणि त्या दिवशी त्याला एकच काम दिलेलं: लिव्हरपूलचा मध्यरक्षक ग्रॅम सूनेसला सोडायचं नाही. मग हा तिकडे गेलाच कसा, हा प्रश्न मला कधी सोडून देता आलेला नाही. उत्तर मॅन-मार्किंगच्या पोटातच आहे. तुम्ही ज्याला धरलंय तो जिथे जाईल तिथे तुम्ही जाता. पण चेंडू तुमच्या संघाकडे आला की तो तुमच्या मागे येईलच असं नाही. मोठ्या खेळाडूला उलटं धावायचा कंटाळा असतो, आणि नसला तरी त्याच्या ध्यानात यायला एक क्षण लागतो. त्या एका क्षणात मैदानावरचा सगळ्यात मोकळा माणूस कोण, तर मार्कर. चांगले प्रशिक्षक हे हेरून ठेवायचे. अडचण एवढीच, की मोकळा झालेला तो माणूस आयुष्यभर दुसऱ्याला अडवायला शिकलेला असतो. क्लेमन्ससमोर काय करायचं याची सान्तियानाच्या पायांना सवय होती. कामाचोच्या पायांना नव्हती.

मोकळं राहणं हा त्याचा धर्मच नव्हता.

माणूस धरणं म्हणजे त्याच्या पाठीला चिकटणं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चिकटलात तर फसलात. पाठीशी कोण आहे, कुठल्या बाजूला झुकलाय, हे आक्रमक अंगाने ओळखतो आणि तुमच्याच शरीराचा टेकू घेऊन गर्रकन वळतो. अंतर हवं ते साधारण हातभर. हात लांबवला तर बोटं त्याच्या कमरेला लागतील, पण छाती लागणार नाही, इतकं. उभं राहायचं त्याच्या आणि आपल्या गोलच्या मधे, आणि जिकडे चेंडू आहे त्या अंगाला अर्धं पाऊल सरकून. पाय एका रेषेत कधीच ठेवायचे नाहीत. एक पुढे, एक मागे, अंग तिरपं, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. कबड्डीतला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पायाकडे जसा दबा धरून असतो, तसंच काहीसं. फरक इतकाच, की इथे झडप घालायची घाई करायची नाही. चेंडू त्याच्याकडे येत असतो तेवढ्या वेळातच अंतर कापायचं. चेंडू त्याच्या पायात आला की थबकायचं आणि त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. पहिला स्पर्श लांब गेला, तरच पाय घालायचा. नजर चेंडूवर आणि माणूस डोळ्याच्या कोपऱ्यात; कोपऱ्यातूनही दिसेनासा झाला तर हाताने चाचपायचा. हे सगळं 90 मिनिटं. त्यात स्वतःचा खेळ म्हणून काही नसतोच. दुसरा खेळला नाही की तुम्ही चांगले खेळलात.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं असतं. पहिला घोटाळा भिंत-पासचा. आक्रमक चेंडू साथीदाराला देतो, तुमची मान पाऊण सेकंद चेंडूमागे वळते, तेवढ्यात तो पाठीमागून पसार. उपाय सांगायला सोपा: पास दिल्यावर चेंडू सोडा, माणसाकडे बघा. पण सगळी प्रवृत्ती त्याच्या विरुद्ध असते. दुसरा घोटाळा दोन आक्रमक एकमेकांना कापून गेले की होतो. आपापला माणूस धरून जायचं की अदलाबदल करायची? ते ओरडून ठरवावं लागतं, आणि दोघेही ओरडले किंवा दोघेही गप्प राहिले की एक माणूस मोकळा सुटतो. तिसरा घोटाळा सगळ्यात वाईट, कारण त्यात मार्करची चूकच नसते. आक्रमक हुशार असेल तर तो मुद्दाम मागे मध्यरेषेपर्यंत उतरतो. तुम्ही इमानाने त्याच्यामागे जाता, आणि तुमच्या जागी जे मैदान रिकामं पडतं त्यात तिसराच घुसतो. म्हणून त्या काळी सगळ्यांच्या मागे एक लिबेरो ठेवत. कोणालाच न धरणारा, फुटलेलं सांधणारा. चौथी गोष्ट पिवळ्या कार्डाची. ते दहाव्या मिनिटाला मिळालं तर पुढची 80 मिनिटं तुम्ही हात बांधून पहारा देता.

नेदरलँड्सचा आक्रमक योहान क्रायफ हा यातल्या तिसऱ्या प्रकाराचा उस्ताद. तो बार्सिलोनात होता, आणि माद्रिदमध्ये त्याला धरायचं काम पोरसवदा कामाचोकडे आलं. मुर्सियातल्या सिएसा गावचा हा मुलगा, जन्म 8 जून 1955 चा, आल्बासेतेहून माद्रिदला आलेला आणि अठराव्या वर्षीच पहिल्या संघात. क्रायफच्या मागे मैदानभर फिरणारा म्हणून स्पेनमध्ये त्याचं नाव झालं. पुढे तो डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून 1989 पर्यंत खेळला. लीगचे 414 सामने, लीगची 9 विजेतेपदं, 1985 आणि 1986 चे लागोपाठ दोन युएफा कप, स्पेनसाठी 81 सामने आणि त्यांत एकही गोल नाही. शून्य हा आकडा एरवी कमीपणाचा. इथे मला तो फार नेमका वाटतो. 1978 मध्ये त्याचा गुडघा गेला. अर्जेंटिनातला विश्वचषक हुकला, आणि मैदानावर परतायला जवळजवळ दोन वर्षं लागली. तेव्हा गुडघा उघडून शस्त्रक्रिया करत आणि मग आठवडेच्या आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं की मांडी वाळून निम्मी झालेली दिसायची. सरळ धावणाऱ्याला त्यातून एक वेळ सावरता येईल, पण मार्करचं सगळं आयुष्य वळण्यावर असतं: दुसरा कधी वळेल हे आपल्या हातात नसताना, त्याच्यापाठोपाठ अर्ध्या क्षणात वळायचं. त्या गुडघ्यावर हा पुढे आणखी 9 वर्षं खेळला.

युएफा कपमध्ये घरी एक आणि परक्या मैदानावर एक असे दोन सामने, गोल एकत्र मोजायचे. 1984 डिसेंबर, अँडरलेख्टकडून 3-0 हरून आल्यावर घरी 6-1. 1985 डिसेंबर, बोरुसिया मुन्शनग्लाडबाखकडून 5-1 खाऊन आल्यावर घरी 4-0. बेर्नाबेऊ या माद्रिदच्या मैदानावरच्या या रात्रींच्या गोष्टी सांगताना बुत्राग्वेनो, वाल्दानो, सान्तियानाची नावं आधी येतात, आणि ते बरोबरच आहे. पण 4-0 मधला तो शून्य कोणीतरी राखावा लागतो. घरात एक जरी गोल खाल्ला असता तर दोन्ही सामने मिळून तो पाहुण्यांचा सहावा ठरला असता, आणि मग चारही पुरले नसते.

त्याच्या शेवटच्या हंगामात, 19 एप्रिल 1989 ला, युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत एसी मिलानने माद्रिदला सान सिरोवर 5-0 धुतलं. प्रशिक्षक आरिगो साकीचा तो मिलान संघ माणूस धरतच नव्हता. तो जागा धरायचा. बचावफळी, मधली फळी आणि आघाडी यांच्यात नेमकं अंतर, सगळे एकदम पुढे, सगळे एकदम मागे, चेंडू जिकडे तिकडे सगळी चौकट सरकलेली. तुमचा माणूस तुमच्या पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात गेला की तो शेजाऱ्याचा. इमान माणसाशी नाही, मैदानाशी. पुढच्या काही वर्षांत नियमही बदलले. 1992 मध्ये गोलरक्षकाला पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली, म्हणजे बचावपटूची हक्काची पळवाट गेली. 1998 च्या विश्वचषकात मागून घातलेल्या टॅकलला लाल कार्ड दाखवायचा फतवा निघाला. कामाचोने ज्या धंद्यात 15 वर्षं घालवली तो धंदा तो निवृत्त होता होता बंद पडत होता. आणि नेमका तेव्हाच तो प्रशिक्षक झाला.

इथून पुढची त्याची कारकीर्द मला नेहमी त्या जुन्या धंद्याच्या उजेडात दिसते. सुरुवात छान झाली. रायो वायेकानोला 1992 मध्ये वरच्या श्रेणीत नेलं, एस्पान्योलला 1994 मध्ये नेलं आणि दोन वर्षांत चौथ्या क्रमांकावर आणून ठेवलं. बुडणारे, गरीब, शेजारच्या बड्या क्लबच्या सावलीत जगणारे हे संघ. तिथे खेळाडू सांगितलेलं ऐकतो, कारण ऐकलं नाही तर काय होतं ते त्याला माहीत असतं. 1998 च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याला बोलावलं, ते नुकतेच युरोपचे विजेते झाले असताना. तीन आठवड्यांत, एकही सामना न खेळता, तो निघून गेला. अध्यक्ष लोरेन्सो सान्स यांच्याशी आपल्या सहायकांवरून वाद झाला. आपली माणसं आपण निवडणार, नाहीतर नमस्कार. बरेच जण याला तापटपणा म्हणतात, आणि तो तापट होताच. पण मार्करच्या हिशेबात ते अगदी सरळ आहे. ज्याची जबाबदारी माझी, त्याला धरायची मुभाही माझीच.

त्याच सप्टेंबरात स्पेन सायप्रसकडून 3-2 हरलं, हाविएर क्लेमेन्ते गेले आणि राष्ट्रीय संघ कामाचोच्या हाती आला. पहिली दीड-दोन वर्षं गोलांचा पाऊस. ऑस्ट्रियाला 9-0, सान मारिनोला 9-0, सायप्रसला 8-0. बचावपटू म्हणून जन्म काढलेल्या माणसाचा संघ दोन्ही बगलांनी इतका उघडा खेळेल असं कोणाला वाटलं नव्हतं. युरो 2000 मध्ये ब्रुखला युगोस्लाव्हियाविरुद्ध जिंकणं भाग होतं. 90 मिनिटं संपली तेव्हा स्पेन 3-2 मागे. मग मेंडिएताची पेनल्टी, आणि लगेच आल्फोन्सोचा गोल, 4-3. त्या दोन मिनिटांवर अजून लेख येतात. माझा जीव मात्र त्यानंतर चार दिवसांनी त्याच मैदानावर झालेल्या फ्रान्सच्या सामन्यात अडकतो. झिदानची फ्री-किक, मेंडिएताची पेनल्टी, जोर्काएफचा गोल, मध्यंतराला फ्रान्स 2-1 पुढे. बरोबरीच्या शोधात कामाचोने 57 व्या मिनिटाला मेंडिएताला काढून उंचापुरा उर्साइस आत पाठवला. मागे पडलेला संघ असं करतोच, चूक म्हणता येत नाही. शेवटच्या मिनिटाला स्पेनला पेनल्टी मिळाली. ज्याने त्या स्पर्धेत दोन पेनल्ट्या गोलात घातल्या होत्या तो बाकावर बसलेला. राऊल पुढे आला आणि चेंडू दांड्यावरून गेला. बदली खेळाडू घालताना प्रशिक्षकाने कागदावर तीन गोष्टी बघायच्या असतात: कोण थकलाय, कोणावर कार्ड आहे, आणि बाहेर जाणारा कोणती ठरलेली किक मारतो. तिसऱ्या गोष्टीची आठवण बहुधा नंतरच होते.

2002 च्या विश्वचषकातला आयर्लंडविरुद्धचा सामना तर प्रशिक्षणवर्गात शिकवावा असा आहे. सुवोन, 16 जून, बाद फेरी. आठव्याच मिनिटाला मोरिएन्तेसचा हेडर, स्पेन 1-0. उत्तरार्धात गोलरक्षक कासियासने इयन हार्टची पेनल्टी अडवली. कामाचोने आघाडी राखायचं ठरवलं. मोरिएन्तेस बाहेर, त्याच्या जागी आल्बेल्दा, म्हणजे आघाडीवीर काढून बचावात्मक मध्यरक्षक. मग दुखावलेला राऊल बाहेर. तिन्ही बदल संपले. 90 व्या मिनिटाला स्पेनच्या इएरोने आयर्लंडच्या नायल क्विनचा शर्ट ओढला, रॉबी कीनची पेनल्टी, 1-1. आता जादा वेळ, तोही गोल्डन गोलचा, म्हणजे पहिला गोल झाला की सामना संपला, आणि पुढे हक्काचा गोल करणारा कोणी नाही. त्यात आल्बेल्दा जखमी, बदल शिल्लक नाही, म्हणजे स्पेन दहा जणांनी खेळतंय. कसाबसा अर्धा तास काढला आणि पेनल्ट्यांवर निभावलं. एका गोलची आघाडी म्हणजे धरलेला माणूस, तो सोडायचा नाही, हे मार्करचं शहाणपण. पण आघाडी राखताना मैदानातले आपलेच दात काढून ठेवले की समोरच्याला मागे कोणाला ठेवायची गरजच उरत नाही. तो सगळ्यांनिशी चढतो. आयर्लंड चढलं.

सहा दिवसांनी ग्वांगजू. आपल्याकडे शनिवारची दुपार, बरोबर 12 ला सामना सुरू झाला. राऊल दुखापतीमुळे नाही. यजमान दक्षिण कोरिया, इजिप्तचे पंच गमाल अल-घांदूर. उत्तरार्धात फ्री-किकवर हेडर होऊन चेंडू कोरियाच्या बचावपटूला लागून आत गेला, पण शर्ट ओढल्याची शिट्टी आधीच वाजलेली. जादा वेळेच्या दुसऱ्याच मिनिटाला होआकिनने उजव्या बगलेने शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन क्रॉस दिला, मोरिएन्तेसने डोक्याने आत घातला. लाइन्समनचा झेंडा वर: चेंडू रेषेबाहेर गेला होता म्हणे. गेला नव्हता. गोल्डन गोलचा नियम असल्याने तो गोल धरला असता तर सामना तिथेच संपत होता. पेनल्ट्यांमध्ये चौथी किक विशीतल्या होआकिनला दिली, आणि कोरियाचा गोलरक्षक ली वून-जेने ती अडवली. हाँग म्युंग-बोने पाचवी मारली आणि 5-3. स्पेनच्या एल्गेराला पंचांच्या अंगावर जाण्यापासून चार-चार जणांनी आवरलं.

त्या विश्वचषकातली कामाचोची सगळ्यांना आठवणारी गोष्ट म्हणजे घाम. फिकट निळ्या शर्टाच्या दोन्ही काखांतून उतरत बरगड्यांपर्यंत पोचलेले ते गडद डाग. जगभर टिंगल झाली, अजूनही होते. कोरियातला जून दमट, हे खरं, पण शेजारच्या बाकावरची माणसं त्याच हवेत कोरडी होती. मला त्यात हसण्यासारखं कमी आणि ओळखीचं जास्त दिसतं. त्या माणसाचं शरीर अजून खेळत होतं. चेंडू डाव्या बगलेला गेला की त्याचा खांदा वळायचा, समोरचा क्रॉस मारायला लागला की याचा पाय अर्धा उचलला जायचा. प्रशिक्षकाचं काम शरीराचं नाही. तेव्हा सामना सुरू झाला की त्याच्या हातात तीन बदल आणि घसा एवढंच उरायचं. ज्याला 15 वर्षं दर मिनिटाला स्पर्शाने कळत होतं की आपला माणूस कुठे आहे, त्याला आता 30 मीटरवरून बघत राहायचं असतं. स्पर्धा संपल्यावर त्याने राजीनामा दिला.

त्याच वर्षाच्या शेवटी तो लिस्बनला, बेन्फिकाकडे गेला. क्लब मोठा, पण 1996 नंतर एकही करंडक नाही. 25 जानेवारी 2004 ला गिमाराइशमध्ये धो धो पावसात सामना चालू होता. त्याने हंगेरीच्या मिक्लोश फेहेरला बदली म्हणून आत पाठवलं. जादा मिनिटांत बेन्फिका 1-0 पुढे गेलं. वेळ काढल्याबद्दल फेहेरला पिवळं कार्ड मिळालं, तो पंचांकडे बघून हसला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि मागे कोसळला. 24 वर्षांचा होता, हृदय थांबलं. बाजूच्या रेषेवर कामाचो उघड रडत होता, आणि खेळाडू एकमेकांना धरून. यावर टीका-टिप्पणी करण्यासारखं काही नाही. बेन्फिकाने 29 क्रमांकाचा शर्ट पुन्हा कोणाला दिला नाही. त्याच मे महिन्यात पोर्तुगीज कपच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाने मोरिन्योच्या पोर्तोला जादा वेळेत 2-1 हरवलं. दहा दिवसांनी हाच पोर्तो युरोपचा विजेता झाला. प्रशिक्षक म्हणून कामाचोने मिळवलेला सगळ्यात मोठा करंडक तो.

मग पुन्हा माद्रिद. झिदान, फिगो, रोनाल्डो, बेकहॅम, राऊल, ओवेन. लीगचे पहिले दोन सामने जिंकले, मग लेव्हरकुसेनमध्ये 3-0 हार, एस्पान्योलकडे 1-0 हार, आणि सप्टेंबर संपायच्या आत राजीनामा. 1998 ला अध्यक्षामुळे गेला होता, या वेळी ड्रेसिंग रूममुळे. त्या संघात चेंडू गेला की मागे कोण धावणार हा प्रश्न होता, आणि उत्तर द्यायला कोणी तयार नव्हतं. दुसरा एखादा गोड बोलून, मानधनाकडे बघून, जूनपर्यंत रेटून नेता. आपल्याकडेही अशा प्रसंगी ‘जरा दमानं घ्या’ सांगणारे पुष्कळ असतात. दमानं घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तो राजीनामा त्याच्या बऱ्याच विजयांपेक्षा जास्त पटतो.

तो कशासाठी घडलेला होता ते ओसासुनामध्ये दिसलं. ऑक्टोबर 2008 मध्ये तळाशी असलेला संघ त्याने घेतला. 31 मे 2009, हंगामाचा शेवटचा दिवस, पाम्प्लोना, समोर खुद्द रेआल माद्रिद. इग्वाइनने आधी गोल केला. मग प्लाशिल, मग हुआनफ्रान, 2-1. ओसासुना 43 गुणांवर वाचलं, बेतिस 42 वर बुडालं. एका गुणासाठी वर्षभर कोणाच्या तरी शर्टाला लटकायचं, यात तो वाकबगार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, 11 जुलै 2010 ला, तो स्पॅनिश टीव्हीवर समालोचनाला बसला होता. 116 व्या मिनिटाला इनिएस्ताने नेदरलँड्सविरुद्ध गोल केला आणि कामाचो ओरडला, ‘इनिएस्ता दे मी विदा!’ माझ्या जिवाच्या इनिएस्ता. स्पेनमध्ये ते वाक्य शर्टांवर छापलं गेलं. जो संघ त्याला उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे नेता आला नाही तो जग जिंकत होता, आणि तेही माणूस न धरता, चेंडूच धरून ठेवून. असूया नव्हती त्या आवाजात. निदान मला तरी ऐकू आली नाही.

2011 मध्ये तो चीनच्या राष्ट्रीय संघाकडे गेला. दुभाष्यामार्फत ओरडायचं, म्हणजे ओरडण्यातला अर्धा जोर वाटेतच सांडणार. 2014 च्या विश्वचषकाची वाट लवकरच बंद झाली, 2012 मध्ये रेसिफेत ब्राझीलने 8-0 हरवलं, आणि जून 2013 मध्ये हफेई इथे, घरच्या मैदानावर, थायलंडकडून 5-1. तिथे त्याला काढलं, मग नुकसानभरपाईचा वाद. डिसेंबर 2016 मध्ये गॅबॉनने बोलावलं. आफ्रिका कपचे यजमान, आणि स्पर्धेला महिनाभर उरलेला. गिनी-बिसाऊविरुद्ध पहिल्या सामन्यात औबामेयांगच्या गोलने 1-0 पुढे. 91 व्या मिनिटाला फ्री-किक आली, त्यांचा बचावपटू हुआरी सोआरेस डोक्याने आत घालून गेला, 1-1. पुढे बुर्किना फासोशी 1-1, कॅमेरूनशी 0-0, त्यातही शेवटी गॅबॉनचा एक फटका खांबाला लागलेला. तीन सामने, हार एकही नाही, आणि यजमान गटातच बाद. बुर्किना फासो आणि कॅमेरून प्रत्येकी 5 गुणांवर पुढे गेले. त्या फ्री-किकच्या वेळी कोणीतरी सोआरेसला हातभर अंतरावर धरलं असतं तर गॅबॉनचेही 5 गुण झाले असते. मग तिघांच्या गोलांच्या हिशेबात कोण सरस ठरलं असतं हा वेगळा वाद. पण तो वाद घालायची वेळ तरी आली असती.